गर्भपिशवी काढायला सांगितलंय, सही करण्याआधी काय विचारायचं?

बार्शीकर
वहिनी ४३ वर्षांच्या. पाळीत दहा-दहा दिवस अंगावरून जातं. सोनोग्राफीत पिशवीत ६ सेंटिमीटरची फायब्रॉइडची (कॅन्सर नसलेली) गाठ, हिमोग्लोबिन ८. डॉक्टर म्हणतात पिशवी काढू, सोबत अंडाशयंही काढून टाकू, पुढची कटकट नको. हे बरोबर आहे का? घरी विश्रांती किती लागेल?

स्त्रीरोग_ओपीडी
आधी अंडाशयांचं विचारा. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, हार्मोन्स चालू राहतात. या वयात दोन्ही अंडाशयं काढली की अंगातून वाफा, झोप उडणं लगेच सुरू होतं. हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अंडाशयं निरोगी असतील आणि घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर कुणाला झालेला नसेल, तर ती ठेवावीत. बीजनलिका मात्र काढलेल्या बऱ्या. अंडाशयाचे बरेचसे कॅन्सर तिथूनच सुरू होतात.

पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) आणि पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय टेबलवर घेऊ देऊ नका. कॅन्सर निघाला तर ऑपरेशनच वेगळं करावं लागतं. हिमोग्लोबिन १० च्या वर आणा. शिरेतून लोह दिलं तर २-३ आठवड्यांत फरक पडतो, तोवर रक्तस्राव कमी करायला ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड.

एवढी गाठ असली तरी पिशवी बहुधा खालून, म्हणजे योनीमार्गातून, किंवा दुर्बिणीतून निघते. आधीची सिझेरियन असतील तर जरूर सांगा, मूत्राशय पिशवीला चिकटलेलं असू शकतं. गाठ पिशवीच्या पोकळीत आलेली नसेल तर मिरेना (पिशवीत बसवायचं, रक्तस्राव कमी करणारं हार्मोनचं साधन) बसवून बघता येईल का, हेही विचारा.

अंबाजोगाईकर
दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच, शक्यतो सरकारी मेडिकल कॉलेजात. बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या गेल्या, २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जातंय, पिशवीला सूज आहे, 'पुढे कॅन्सर होईल', एवढ्यावर पिशवी काढायची नसते. तुमच्या वहिनींचं कारण खरं आहे, पण घाई नको.

वॉर्ड_सिस्टर
ऑपरेशन साधारण १ ते २ तासांचं. लघवीची नळी बहुतेकदा दुसऱ्या दिवशी सकाळी निघते, आणि त्याच दिवशी चालवायचं. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. दुर्बिणीतून केलं तर १-२ दिवसांत घरी, पोटावरून केलं तर ३-५.

सहा आठवडे हंडा, सिलिंडर, ओली बादली उचलायची नाही. संबंधही नकोत, आतले टाके सुटू शकतात. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो. थोडं तपकिरी जाणं ४-६ आठवडे चालतं.

तासाभरात पॅड भिजला, ताप १००.४ च्या वर गेला, घाण वास आला, एकच पोटरी सुजली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक इमर्जन्सीत. आणि खालून सतत पाणी गळत असेल तर ते अंगावरून जातंय समजून थांबू नका: मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा झाली की लघवीच तशी झिरपते.