मदत हवी आहे : होडीच्या ट्रेलरच्या बेअरिंगमध्ये खारं पाणी शिरतंय

नमस्कार मंडळी. माझ्याकडे फायबरची जुनी एंटरप्राइज आहे, जॅक होल्टने १९५६ मध्ये आखलेली ती निळ्या शिडांची दोघांची होडी. लांबी ४.०४ मीटर, नुसता सांगाडा साधारण ९४ किलो, त्यामुळे लहान गाडीमागेही सहज येते. पुण्याहून ताम्हिणीमार्गे मुरूडला नेतो. दुपारी खारे वारे धरले की बायको पुढचं शीड सांभाळते, मी सुकाणू. त्या दोन तासांसाठी आठवडाभर जीव लागलेला असतो.

अडचण ट्रेलरची आहे. घाट उतरून आल्यावर चाकाचा हब हात लावता येणार नाही इतका तापतो, आणि मी तसाच ट्रेलर पाण्यात घालायचो. गरम हब एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं, हे मला उशिरा कळलं. परवा झाकण काढलं तर ग्रीस दुधाळ चहासारखं झालेलं, बेअरिंगवर गंजाचे ठिपके. वर्षात दुसऱ्यांदा!

आता वाटतं, चाकं पाण्यात घालूच नयेत. होडी उतरवायला वेगळी हातगाडी करून घ्यावी. पण मुरूडच्या मऊ वाळूत कोणती चाकं रुतत नाहीत? ओहोटीला दोघांनाच ओढायची असते. गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्यावा की ॲल्युमिनियम? पुण्यात असं काम नीट करणारा फॅब्रिकेटर कुणाच्या माहितीत आहे का? तुमच्या हातगाडीचा फोटो मिळाला तर फारच बरं होईल.