उत्तर: मुख्याध्यापक आणि शिक्षकांचे प्रश्न

चांगला मुख्याध्यापक मिळणं नशिबाचा भाग, असं वर दोघातिघांनी म्हटलंय. अर्धंच पटतं. स्वभावापेक्षा कामाची पद्धत जास्त छळते. पालकांची तक्रार आली की आमच्या शाळेतले आधीचे मुख्याध्यापक शिक्षकाला पालकांसमोरच जाब विचारायचे. शिक्षक बचावात, पालक चढलेले, मुलाचा मूळ प्रश्न राहिला बाजूलाच. नंतर आलेल्या बाई कितीतरी कडक (आणि फटकळ, तो भाग वेगळा), पण पालकांना पहिला प्रश्न एकच, "वर्गशिक्षकांशी बोललात का?" नसेल तर तक्रार वहीत नोंदवायची आणि आधी तिकडे पाठवायचं. बरीचशी प्रकरणं तिथेच मिटत.

कागदकामाचा विषय मात्र इथे कुणी काढलाच नाही. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २०१८च्या टॅलिस या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत शिक्षकांनी सांगितलेल्या ताणाच्या कारणांत प्रशासकीय कामाचा बोजा आघाडीवर होता. त्यातलं बरंचसं वरूनच येतं, मुख्याध्यापक ते फक्त खाली सरकवतात. म्हणून तोच तक्ता पुन्हा मागितला की मी वाद घालत नाही, आधी कोणत्या तारखेला दिलाय तेवढं लिहून कळवते. तोंडी सूचनांचंही तसंच, "असं ठरलं ना?" म्हणून दोन ओळी लगेच पाठवून ठेवते.