सांबराच्या गळ्यावर लाल चट्टा, भेकराच्या खांद्यावर गाठ: कॅन्सरच का?

रानाकडचा:
नमस्कार मंडळी. घर खानापूर-हेमाडगा रस्त्याला, मागं भीमगड अभयारण्याचं रान. गेल्या आठवड्यात नाल्यावर सांबराची मादी आली होती. गळ्याला पुढच्या बाजूनं केस गेलेला लालभडक, ओलसर चट्टा. त्याआधी दिवाळीत आमच्या शेतात भेकर मरून पडलेलं, खांद्यावर लिंबाएवढी गाठ. फॉरेस्ट गार्डनी पंचनामा करून जाळलं. गावात एकच बोलणं, रानात कॅन्सर शिरलाय. माझ्या पाच म्हशी त्याच नाल्यावर पाणी पितात. काय करू सांगा की.

टिळकवाडीकर:
लम्पी असणार हो, गुरांच्या कातडीवर गाठी आणणारा रोग. २०२२ला मामांची गाय त्यातच गेली.

रिटायर गुरांचा डॉक्टर:
लम्पीत गाठी अंगभर येतात, एकुलती एक येत नाही. आणि म्हशींना तो गाईंइतका होत नाही.

सांबराची काळजी सोडा. गळ्यावरचा तसला चट्टा धडधाकट सांबरांतही दिसतो, नरात आणि मादीतही, माजाच्या दिवसांत जास्त. ओलसरही असतो. नवखा माणूस जखम समजतो, मीही समजलो होतो.

भेकराचं मात्र नुसतं बघून कुणीच सांगू शकत नाही. काट्याचा गळू, फासाची जुनी जखम, जंताची पुटी म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी, खरा ट्यूमर, वरून सगळं सारखंच. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांना विषाणूमुळे कातडीवर काळ्या गाठी येतात. त्या दिसतात भयंकर, पण बहुतेक आपोआप जिरतात. खरा ट्यूमर ठरतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, आणि तिथवर तुकडा धड पोचला तर.

माझीच गोष्ट सांगतो. नोकरीत नवा असताना एका मेलेल्या चितळाच्या मांडीतून नारळाएवढी गाठ काढली. अख्खीच्या अख्खी लोणच्याच्या बरणीत घातली, वर फॉर्मेलिन (मांस सडू नये म्हणून वापरतात ते औषध) ओतलं आणि बेंगळूरला धाडली. फॉर्मेलिन आत मुरतं फार सावकाश. तिकडं उघडली तर बाहेरून टणक, आतून सडका चिखल. रिपोर्ट आला, ‘निदान शक्य नाही’. तेव्हापासून सेंटीमीटरभरापेक्षा पातळ काप, तुकड्याच्या दहापट फॉर्मेलिन, रुंद तोंडाची बाटली. फ्रीझरमध्ये कधीच नाही, बर्फानं पेशी फुटतात.

सोबत त्याच जनावराचं निरोगी कातडंही द्यायचं. गाठ कुठल्या पेशीची हे ठरवायला जी रंगचाचणी करतात, तिची रसायनं बहुधा माणसासाठी नाहीतर कुत्र्या-उंदरासाठी बनवलेली. हरणाच्या पेशीला ती चिकटतात की नाही, हे निरोगी तुकड्यावरच कळतं.

हे सगळं वनखात्याच्या डॉक्टरांनी करायचं. मेलेलं हरीणसुद्धा सरकारी मालमत्ता, तुम्ही सुरी लावायची नाही.

गार्डनी गाठ चिरली होती का?

रानाकडचा:
होय सर, त्यांनीच. आत पारदर्शक पाणी होतं, पातळ पडद्याला कण्यांसारखे पांढरे दाणे चिकटलेले.

रिटायर गुरांचा डॉक्टर:
मग आधी का नाही सांगितलंत! शेळ्यांत अशा पुट्या मी पुष्कळ चिरल्यात. पट्टकृमीची पिल्लं ती. पूर्ण वाढलेला जंत असतो कुत्र्याच्या आतड्यात. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, गवतातून शेळीच्या नाहीतर हरणाच्या पोटात. तपासल्याशिवाय शिक्का मारणार नाही, पण कॅन्सरवर पैज लावायची झाली तर मी लावणार नाही. गावात कुत्री किती, आणि जंताचं औषध शेवटचं कधी दिलंत?

रानाकडचा:
माझीच तीन आहेत. औषध... कधीच नाही सर.