वॉटरप्रूफ बॅग कोणी घेतलीय का

३०२ सावंतकाकू: नमस्कार. गणपतीला कुडाळला निघायचंय. वॉटरप्रूफ बॅग कुठली घ्यावी ते ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच सांगा. मागच्या वर्षीचे फोटो परत टाकत नाही. दुकानदाराने वॉटरप्रूफ म्हणून गळ्यात मारलेली बॅग गाडीच्या टपावर बांधली, पेणपासून चिपळूणपर्यंत पाऊस थांबला नाही, माझ्या लाल साडीचा रंग ह्यांच्या धोतराला लागला आणि हे गुलाबी धोतर नेसून पूजेला बसले.

४०४ निखिल: काकू तो फोटो माझ्याकडे अजून आहे 😂

३०२ सावंतकाकू: असू दे. तुझंही लग्न व्हायचंय.

७०२ देशपांडे: वॉटरप्रूफचा विषय निघालाच आहे तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काय झालं?

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोलावे 🙏

७०२ देशपांडे: धरूनच बोलतोय.

२०१ नेनेआजोबा: बॅग कुठलीही चालेल. आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालायची, तोंडाला पीळ देऊन सुतळीने बांधायची.

५०३ मृण्मयी: काकू लेबल नीट वाचलंत तर बहुतेक बॅगांवर वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं असतं, वॉटरप्रूफ दुकानदार तोंडाने म्हणतो. कापडाला आतून पीयूचा म्हणजे एका प्लास्टिकचा थर असतो त्यामुळे कापड तसं टिकतं पण पाणी शिरतं शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून. टपावरच न्यायची तर ट्रेकवाल्यांची ड्राय बॅग घ्या, टीपीयू किंवा पीव्हीसी प्लास्टिकची, सांधे शिवलेले नकोत, उष्णतेने चिकटवलेले हवेत. तोंड निदान तीन वेळा गुंडाळून मग क्लिप लावायची. त्यासाठी वर वीतभर जागा सोडायची, तुम्ही चकल्यांचा डबा ठासून बसवलात की संपलं.

१०४ कुलकर्णी: एवढं कशाला? आमची कडक ट्रॉली आहे, पॉलिकार्बोनेट. बादलीसारखी. पाणी जाऊच शकत नाही.

५०३ मृण्मयी: बादलीला चेन नसते काका.

४०४ निखिल: 😂😂

१०४ कुलकर्णी: आम्ही विमानाने जातो, टपावर बांधत नाही.

५०३ मृण्मयी: विमानात चढवायच्या आधी सामान पावसात उघड्यावर उभं असतंच की. असो.

७०२ देशपांडे: गच्चीचं काय झालं?

४०४ निखिल: ऑनलाइन एक दिसतेय, आयपीएक्स ७ लिहिलंय. बेस्ट ना?

५०३ मृण्मयी: आयपीएक्स म्हणजे पाण्याच्या चाचणीचा आकडा. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून बघतात. ४ म्हणजे नुसते शिंतोडे. ६ म्हणजे जोराचा फवारा, आणि धावत्या गाडीच्या टपावर ६चंच काम आहे. ७ पास झाली म्हणजे ६ला पास होईलच असं नाही, दोन्ही लिहिलेलं असेल तर बघ.

३०२ सावंतकाकू: बॅग घ्यायचीय की दहावीचा निकाल लावायचाय

६०१ परब: मृण्मयी तुझ्याकडेच होती ना ६० लिटरची पिवळी? काकूंना दे की.

५०३ मृण्मयी: होती. मे महिन्यापासून ४०४मध्ये आहे.

४०४ निखिल: अगं देणारच होतो. सध्या तिच्यात क्रिकेटचं सामान आहे.

५०३ मृण्मयी: ओलं?

४०४ निखिल: थोडंसं

६०१ परब: मग झाली बुरशी. बाहेरचं पाणी आत येत नाही तसं आतलं बाहेरही जात नाही बाबा. काकू तुम्हीसुद्धा ओला पंचा तिच्यात कोंबू नका येताना.

२०१ नेनेआजोबा: मोठी जाड प्लास्टिकची पिशवी. पीळ. सुतळी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, मी कलिन्याहून कमरेएवढ्या पाण्यातून

४०४ निखिल: कलिना आलं 😄

२०१ नेनेआजोबा: चालत घरी आलो, बॅगेतला एक कागद भिजला नव्हता. हसा तुम्ही.

५०३ मृण्मयी: हसू नकोस, आजोबा बरोबर सांगतायत. आम्हीही सॅकमध्ये तेच करतो. वरून रेनकव्हर घातलं तरी पाठीकडून पाणी उतरतं, आतली पिशवीच वाचवते.

२०१ नेनेआजोबा: 👍👍👍

१०४ कुलकर्णी: म्हणजे शेवटी पिशवीच. मग आमच्या ट्रॉलीला नावं का ठेवली ते कळलं नाही.

३०२ सावंतकाकू: ठरलं. साड्या, धोतर आणि पूजेचं सामान आजोबांच्या पिशवीत बांधून डिकीत. टपावर चटया आणि ह्यांचे बूट. निखिल तू ती पिवळी बॅग धुऊन, वाळवून मृण्मयीला नेऊन दे, मी विचारणार आहे.

७०२ देशपांडे: मीही दोन ड्राय बॅगा मागवल्यात. प्रवासाला नाही. बेडरूमच्या कपाटाला, वरच्या खणात कागदपत्रं असतात.

सेक्रेटरी: देशपांडेसाहेब, गच्चीचा विषय सप्टेंबरच्या एजीएममध्ये घेतला आहे 🙏

७०२ देशपांडे: म्हणजे पाऊस संपल्यावर.

६०१ परब: गच्चीवरच घ्या की एजीएम

७०२ देशपांडे: गच्चीवर कशाला, माझ्या बेडरूममध्ये या. एकच आहे. छत्र्या आणा.