टापास आणि शाकाहारी पोट
टापासने, म्हणजे स्पेनमधल्या बारमध्ये पेयासोबत खातात त्या छोट्या बश्यांनी, पोट भरतं का आणि शाकाहाऱ्याने काय खावं, असा प्रश्न आलाय. भरतं की! फक्त एकाच जागी ठिय्या मारायचा नाही. एक-दोन बश्या संपवून पुढचा बार गाठायचा. ग्रनाडात पेयासोबत टापा बहुधा फुकटच येतो, पण काय येईल ते बारवाला ठरवतो. मांस चालत नसेल तर आधीच सांगा. (नुसतं 'मांस नको' म्हटलंत तर हॅम, म्हणजे डुकराचं मांस, येऊ शकतं; तिथे बरेच जण ते 'मांसात' धरतच नाहीत!) सेव्हिलमध्ये 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' मागवा: पालक, छोले आणि चक्क जिरं. पहिल्याच घासाला मला घर आठवलं. अंडं चालत असेल तर तोर्तिया. ती मेक्सिकन पोळी नव्हे, बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट असतं. आणि रात्री ९ च्या आधी भूक लागू देऊ नका, बरीच स्वयंपाकघरं तोवर उघडतच नाहीत.