मदत हवी आहे: सकाळी पहिल्यांदा संगणक सुरू करताना एसएसडी सापडत नाही

मंडळी, डेस्कटॉप आहे, साटा केबलने जोडलेली एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह), विंडोज १०. रात्रभर बंद राहिला की सकाळी काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'. तेव्हा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या सेटिंगमध्ये) गेलं तर यादीत एसएसडीचं नावच नसतं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की मात्र सुरळीत सुरू होतो, मग दिवसभर तक्रार नाही. घड्याळ बरोबर राहतं, म्हणून ते चालवणाऱ्या बोर्डावरच्या सीआर२०३२ सेलवर संशय नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हेल्थ 'गुड', रिअ‍ॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य, पण सी७ म्हणजे सीआरसी एररचा (डेटा पाठवतानाच्या चुकांचा) आकडा वाढतोय. बाबांच्या जुन्या फोटोंचे स्कॅन याच ड्राइव्हवर आहेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. एसएसडी जायच्या मार्गावर आहे का? डिफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं) करून काही फरक पडेल?

प्रतिसाद १:
आधी स्कॅनची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या, बाकी सगळं नंतर. हार्ड डिस्क निदान खरखर करते. एसएसडी बऱ्याचदा काहीच न सांगता जाते.

सी७ वाढतोय म्हणजे एसएसडी आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडतोय. बहुतेक वेळा केबलच निघते. केबल बदला, पोर्टही बदला. तो आकडा पुन्हा शून्यावर येणार नाही, वाढायचा थांबतो का तेवढं पाहा.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने वीज तुटत नाही, तोवर ड्राइव्ह तयार झालेली असते. म्हणून बायोसमधलं 'फास्ट बूट' (सुरुवातीच्या काही तपासण्या गाळणारं सेटिंग) बंद करून बघा, तिला थोडा जास्त वेळ मिळेल.

डिफ्रॅग अजिबात नको, उगाच लिहिणं वाढतं. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'मध्ये वेळापत्रक चालू ठेवा. एसएसडी असेल तर विंडोज तिथून ट्रिम (कोणती जागा आता रिकामी आहे ही सूचना) पाठवतं. १०-१५ टक्के जागा मोकळी असू द्या.

धागाकर्ता:
मनापासून आभार! स्कॅनची प्रत झाली. जुनी केबल एसएसडीच्या तोंडाशीच काटकोनात दुमडलेली होती, क्लिपही नव्हती, नुसता हात लागला तरी हलत होती. नवी लावल्यापासून सी७ जागेवर आहे. सकाळचं दुखणं मात्र तसंच होतं, ते फास्ट बूट बंद केल्यावर गेलं. आता एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटही करून टाकू का?

प्रतिसाद २:
ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी नेमकी काय दुरुस्ती केली आहे ते आधी वाचा. ड्राइव्ह न सापडण्याचा उल्लेख असेल तर जरूर करा. बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, आणि अपडेट चालू असताना वीज जाणार नाही एवढं बघा.