सोलापूर : लेआउट मंजूर करताना पाणी कुठं जाणार हे आधी विचारायला नको का?

धागाकर्ता : हद्दवाढ भागात एक प्लॉट बघितला. कमान झकास, डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना नारळाची रोपं. टोकन देऊन मागच्या अंगाला गेलो तर जागा खोलगट, आणि बाभळींना कमरेएवढ्या उंचीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. तिथवर पाणी येऊन गेलंय, दुसरं काय? एजंट म्हणतो, "सोलापुरात पाऊस कुठाय ओ?" सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरानं लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला होता, हे इतक्यात विसरले? माझं म्हणणं, पाणी कुठून येतं आणि कुठं सोडणार हे नकाशावर दाखवल्याशिवाय मंजुरीच देऊ नये.

बांधकामवाला : बोलायला सोपंय. आपला जिल्हा दुष्काळी, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तीन एकरात आधीच रस्ते सोडा, दहा टक्के ओपन स्पेस सोडा. वर ओढ्यापर्यंत पाइप न्या म्हणाल, तर मधला शेतकरी त्याच्या रानातून नेऊ देईल का? रेट वाढला की गिऱ्हाईक गुंठेवारीत जातं. तिथं तर नकाशाच नसतो.

निवृत्त ओव्हरशियर : वर्षाची सरासरी गटाराला कळत नाही, त्याला तासाचा पाऊस कळतो. तुमच्या तीन एकरावर ५० मिलिमीटर पडला तर सहा लाख लिटर, म्हणजे दहा हजारी साठ टँकर. रान होतं तेव्हा त्यातलं बरंच तिथंच थांबायचं. काँक्रीट केलंत की सगळं एकदम खाली. त्यापुढं सीडी वर्क, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची मोरी, म्हणून दोन फुटी नळी, तीही थर्माकोलनं तुंबलेली.

शोषखड्डा दाखवून सुटता येईल असंही समजू नका. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पहिला पाऊस गटागटा पिते. एकदा फुगून भेगा मिटल्या की घोटभर घेत नाही. पूर तर नेमका परतीच्या पावसात येतो. नदीला पूररेषा असतात, निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी सोडा, आपल्या गल्लीतल्या ओढ्याला रेषा कोण मारतंय?

शेळगीची ताई : आमचं घर वीस वर्षांचं. कधी पाणी आलं नाही. शेजारी नवीन स्कीम झाली, तीन फूट मुरूम टाकून जागा उचलली. त्यांचा जोता कोरडा, आमच्या देवघरात पाणी. ज्वारीचं पोतं भिजून फुगलं, कोंब आले होते. तक्रार केली तर म्हणे त्यांची परवानगी रीतसर आहे.

बांधकामवाला : ताई, भरावाचं मान्य. शेजाऱ्याकडं पाणी ढकलायचं हे चूकच. पण खाली ओढ्यातच पत्र्याची शेड उभी आहेत, ती कोण काढणार? सगळा हिशोब आमच्याच माथी का मारूलालाव?

निवृत्त ओव्हरशियर : शेड काढायलाच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण ती निघेपर्यंत तुमचे साठ टँकर ताईंच्या देवघरात सोडायचे का? ओपन स्पेस सगळ्यात उंच कोपऱ्यात दाखवता, तो खोलगट भागात दाखवा. चार तास पाणी तिथं थांबेल, पोरं दुसऱ्या दिवशी खेळतील. त्याला शेतकऱ्याचं रान लागत नाही.

बांधकामवाला : खोलगट जागा बागेला दिली तर कोपऱ्याचे प्लॉट कमी होतात की ओ.

शेळगीची ताई : आता खरं बोललात.

निवृत्त ओव्हरशियर : धागाकर्ते, प्लॉटचं काय केलंत?

धागाकर्ता : टोकन परत मागितलंय. एजंट फोन उचलंना.